फळ्यावरचा चहा

माझं ग्रामपंचायतीशी भांडण एका कमानीवरून सुरू झालं. तालुक्याचे कुणी साहेब गावात येणार म्हणून पंचायतीनं एसटी थांब्यापासून शाळेपर्यंत तीन कमानी उभारल्या. बांबू, आंब्याचे टहाळे, रंगीत कागदाच्या पताका, सगळं झालं. साहेबांची जीप आली मागच्या गाडवाटेनं, शेतातून. कमानी त्यांनी पाहिल्याच नाहीत. रोडगे, वरण आणि वांग्याची भाजी मात्र मन लावून खाल्ली, पानसुपारी घेतली आणि निघून गेले. सार्वजनिक विहिरीचा कठडा दोन वर्षांपासून ढासळला होता. तोही त्यांनी पाहिला नाही, कारण तिकडे त्यांना कुणी नेलंच नाही.

पुढच्या ग्रामसभेत मी उभा राहिलो आणि कमानींना खर्च किती आला, एवढंच विचारलं. सभेला सतरा-अठरा माणसं असतील. तीन बाजूंनी 'बस खाली' असं उत्तर आलं. चौथ्या बाजूनं कुणीतरी म्हणालं, लग्नाला आलेला पाहुणा मांडवाचा खर्च विचारते काय? सगळे हसले. मीही हसलो, कारण बोलणं चटकदार होतं. पण घरी पोचेपर्यंत माझं डोकं तापलं. मला राग उशिरा येतो आणि आला की मुक्कामालाच राहतो. दोन महिन्यांनी पंचायतीची निवडणूक लागली तेव्हाही तो मुक्कामालाच होता. मी अर्ज भरला.

तेव्हा वाशीम जिल्हा व्हायचा होता, आम्ही अकोल्याचे. मोठा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती. मी मॅट्रिक होऊन आमच्याकडच्या मालेगावच्या एका अडत दुकानात काट्यावर कारकून होतो. सकाळच्या एसटीनं जायचं, संध्याकाळच्या एसटीनं परतायचं. हमाल पोतं काट्यावर चढवायचे आणि मी लिहायचो. दुकानाच्या म्हाताऱ्या मुनीमजींनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की माल लिहिताना बारदानही लिहायचं. बारदान म्हणजे माल ज्यात येतो ते पोतं. नुसती 'तूर एक पोतं' अशी ओळ त्यांना चालत नसे. तूर किती, आणि बारदान नवं की जुनं, ठिगळाचं की भोकाचं, सगळं कागदावर पाहिजे. बारदान राहिलं की ते अख्खं पान पुन्हा लिहायला लावत. सहा वर्षांत ती सवय माझ्या इतकी अंगवळणी पडली की बायकोला पहिलं पत्र लिहिलं त्यातही पाकिटाचा रंग लिहिला होता. ती अजून त्यावरून चिडवते.

माझ्या वॉर्डात आमची बौद्ध वस्ती आणि गावातल्या दोन गल्ल्या होत्या. समोर उभे होते खुद्द सरपंच. आणि खरी अडचण तिथंच होती, कारण माझा बा गेली बावीस वर्षं त्यांच्याच शेतावर सालदार होता. गावात सगळे त्यांना मालक म्हणत, बा तर म्हणणारच. सालदारी पाडव्याला ठरते. त्या दिवशी मालकानं 'ये' म्हटलं तर पुढचं वर्ष काम आहे, नाही म्हटलं तर नाही. निवडणूक होती फाल्गुनात, पाडव्याच्या दोन आठवडे आधी.

बानं माझ्या अर्जाची बातमी मालकांना स्वतःच सांगितली. मालक रागावले नाहीत. ते बैलाच्या पाठीवर हात फिरवत म्हणाले, "उभं राहू दे पोराले. आपन पाडव्याले बोलू." बानं हे वाक्य घरी येऊन जसंच्या तसं सांगितलं आणि जेवायला बसला. माय मात्र भाकरी थापता थापता थांबली. पाडव्याला बोलू याचा अर्थ तिला माझ्यापेक्षा लवकर कळला होता.

मी माघार घेतली नाही. तरुण होतो, आणि माझी बाजू खरी आहे याची मला जरा जास्तच खात्री होती. माझा जाहीरनामा एका ओळीचा होता, पंचायतीचा पैसा कुठं गेला ते गावाला वाचता आलं पाहिजे. लोक म्हणाले, सगळेच असं म्हणतात. ते खरंच होतं. म्हणून मी ठरवलं, आधी आपलाच हिशेब उघडा करायचा. घरात एक जुनं दार पडून होतं. टॉर्चचे मेलेले सेल फोडून आतला कोळसा वाटला, पानांच्या रसात कालवून दारावर चोळला आणि चांगला काळाभोर फळा तयार केला. तो एसटी थांब्याजवळच्या कडुलिंबाला टांगला आणि वर लिहिलं, 'मी जे खर्चीन आणि जे घेईन ते इथं लिहीन.'

पहिल्या दिवशी खर्चाच्या बाजूला एकच ओळ होती, खडू एक डबी. घेण्याच्या बाजूला मात्र अकरा ओळी भरल्या, आणि सगळ्या चहाच्या. आमच्याकडे दारात आलेल्या माणसाला चहाशिवाय जाऊ देत नाहीत, मग तो मत मागायला आलेला असो की वर्गणी मागायला. मी दोन्ही गल्ल्या आणि वस्तीतली चार घरं फिरलो होतो. रात्री झोपण्याआधी सगळं आठवून एका चिठ्ठीवर टिपलं आणि सकाळच्या एसटीआधी फळ्यावर उतरवलं. शिंप्याच्या घरी चहा एक. किराणावाल्याकडे चहा एक. सुताराकडे, तेल्याकडे, असं करत करत मालकांच्या घरापर्यंत. मी त्यांच्या घरीही गेलो होतो, वॉर्डातलंच घर ते. मालक नव्हते, त्यांच्या आईनं ओसरीवर बसवून चहा दिला होता.

आणि सवयीप्रमाणे मी प्रत्येक ओळीपुढं बारदान लिहिलं.

शिंपी, चहा एक, जर्मनचा पेला. किराणावाला, चहा एक, दांडी तुटलेला कप. सुतार, चहा एक, कपबशी. मालकांच्या आई, चहा एक, काचेचा ग्लास.

खरं सांगतो, लिहिताना माझ्या मनात काहीही नव्हतं. एसटी आली, मी चढलो आणि मालेगावला गेलो.

ज्यांना हे लिहिण्यातलं गांभीर्य कळत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. त्या काळी आमच्या लोकांसाठी बहुतेक घरांत वेगळं भांडं असे. जर्मनचा, म्हणजे ॲल्युमिनियमचा पेला गोठ्याच्या कोनाड्यात उपडा ठेवलेला. आपण तो घ्यायचा, वरून ओतलेला चहा प्यायचा, विसळायचा आणि पुन्हा उपडा ठेवायचा. माझ्यासारखा इस्त्रीचा सदरा घालणारा नोकरदार आला की लोकांना अवघडल्यासारखं व्हायचं. पेला द्यावा तर बरं दिसत नाही, कपबशी द्यावी तर मन होत नाही. मग दांडी तुटलेला कप निघायचा, नाहीतर काचेचा ग्लास. बा छप्पनच्या साली नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आला होता. घरातले देव त्यानं नदीत सोडले होते. पण मालकांच्या गोठ्यातला त्याचा पेला कोनाड्यातून हलला नव्हता. गावातल्या लहान पोरालाही हे माहीत होतं. फक्त ते कुणी कधी लिहिलं नव्हतं.

संध्याकाळी एसटीतून उतरलो तर लिंबाखाली बाजार भरलेला. ज्यांना वाचता येत होतं ते मोठ्यानं वाचत होते, ज्यांना येत नव्हतं ते पुन्हा वाचायला लावत होते. मला पाहून गर्दी फाकली. शिंपी पुढं आला. भला माणूस, माझा लग्नातला कोट त्यानंच शिवलेला. त्याचे कान लाल झाले होते.

"चहा पाजला तं पाजला," तो म्हणाला, "बारदान कायले लिवलं?"

मी म्हणालो, दुकानात असंच लिहितात. उत्तर अगदी खरं होतं. तो तसाच वळला आणि घरी गेला.

त्या रात्री कुणीतरी ओल्या फडक्यानं फळा पुसून टाकला. सकाळी मी खडू घेऊन उभा राहिलो तर पाच-सात माणसं आधीच जमलेली, आणि मला काही आठवावं लागलंच नाही. सगळा फळा त्यांना पाठ होता. ते सांगत गेले, मी लिहीत गेलो. शिंप्याचं नाव आलं तेव्हा तो स्वतःच गर्दीतून म्हणाला, माझ्याकडे कपबशी होती. सगळ्यांनी एकदम त्याच्याकडे पाहिलं. मी म्हणालो, दादा, पेला होता. तो म्हणाला, "मंग आज ये. कपबशीत पी, अन् मंग लिव."

मी गेलो, प्यालो आणि लिहिलं. तिथून पुढचे आठ दिवस मी जन्मात विसरणार नाही. फळ्यावर ज्यांचं नाव नव्हतं ते रस्त्यात हात धरून घरी नेऊ लागले. ज्यांचं बारदान हलकं लागलं होतं ते दुरुस्ती मागू लागले. मी नियम केला की चहा प्यायल्याशिवाय ओळ बदलणार नाही. हा नियम मला महागात पडला. एका संध्याकाळी मी सोळा चहा प्यालो. पोटात जाळ, रात्रभर डोळा नाही, आणि सकाळी काट्यावर हात असा थरथरत होता की मुनीमजींनी विचारलं, निवडणुकीत काय पाजून राहिले रे तुले? चहा, म्हटलं. त्यांचा विश्वास बसला नाही.

मालेगावहून कपबश्यांची खोकी येऊ लागली. किराणावाल्यानं मौका पाहून एक डझन मागवून ठेवल्या होत्या, त्या दोन दिवसांत खपल्या. त्याच्या स्वतःच्या घरातला दांडी तुटलेला कप मात्र तसाच होता. मी पुन्हा गेलो तेव्हा तोच आला आणि मी तसंच लिहिलं. तो म्हणाला, लिव, मी काही कोनाले भेत नाई. त्याच्या सरळपणाचं मला कौतुक वाटलं आणि रागही आला. वस्तीतल्या आमच्या एका काकांनी तर मला बजावलं की आता तू आपल्या घरांत चहा पिऊ नको, जागा कमी आहे, फळा तिकडच्यांसाठी ठेव.

हे सगळं हसत-खेळत चाललं असतं, पण एक दिवस मालक फळा वाचायला आले. गर्दी बाजूला झाली. त्यांनी वरपासून खालपर्यंत वाचलं. त्यांच्या आईच्या नावापुढचा काचेचा ग्लासही वाचला. मग घरी गेले. दुसऱ्या दिवशी गोठ्यात बाला एवढंच म्हणाले की पोराला सांग, पंचायतीचं काय लिहायचं ते लिही, आमच्या बाईमाणसाचं नाव फळ्यावर चढवू नको.

बा त्या दिवशी लवकर घरी आला. मी चिठ्ठी लिहीत बसलो होतो. तो समोर टेकला.

"गावाले माईत हाये थेच तू लिवून राह्यला," तो म्हणाला. "पुसून टाक ना बाप्पा. तुह्या बारदानापायी माह्यं साल जाईन."

मी म्हणालो, खोटं असेल तर आत्ता पुसतो. तो म्हणाला, खोटं कोन म्हनते? मग मला काय झालं कोण जाणे. आठ दिवसांचा चहा, जागरण आणि ग्रामसभेतलं ते हसणं एकदम वर आलं असेल. मी म्हणालो, "बा, तुहा पेला कोनाड्यात हाये, थो काय मी ठेवला?"

बानं माझ्याकडे पाहिलं. मग उठला आणि बाहेर जाऊन अंगणात उगाच लाकडं रचू लागला. बायको मला म्हणाली, "हे तुमी बोलाले नोको होतं." मला तेव्हाच कळलं होतं. बावीस वर्षं ज्या पेल्यावर त्यानं आमचं घर चालवलं, मला शाळेत घातलं, तो पेला मी त्याच्या तोंडावर फेकला होता. लाज वाटली. पण फळा मी पुसला नाही. माफी मागायलाही गेलो नाही. त्या वयात माझ्याकडून एका वेळी एवढंच जमायचं.

मतदान झालं. मोजणी शाळेच्या पहिलीच्या वर्गात होती, आम्ही दोघं उमेदवार लहान पोरांच्या पट्ट्यांवर मांडी घालून बसलो. मी नऊ मतांनी हरलो. बाहेर आलो तर तेली गल्लीतला एक म्हातारा माझी वाटच पाहत होता. त्यानं माझा हात हातात घेतला आणि अगदी प्रेमानं सांगितलं, "चहा तुले पाजला अन् मत मालकाले देल्लं. दोघाईचं मन राखलं." मी त्याच्याकडे पाहतच राहिलो. मग मला इतकं हसू आलं की पायरीवर बसावं लागलं.

मालकांना हार घातले, गुलाल उधळला. मिरवणूक लिंबाजवळ आली तेव्हा फळ्यासमोर आपोआप थांबली. मधूनच कुणीतरी विचारलं, आता यावर कोण लिहिणार? त्याला खाली बस म्हणणारं कुणी निघालं नाही, सगळे मालकांच्या तोंडाकडे पाहत होते. मला वाटतं शिंपीच असावा तो, पण त्यानं कधी कबूल केलं नाही. मालकांच्या कपाळाला गुलाल लागलेला, गळ्यात हार. ते फळ्याकडे पाहत म्हणाले, "पंचायतीचा खर्च महिन्याच्या महिन्याले लिवू. पर बारदान नाई लिवनार." गाव खदाखदा हसलं आणि गोष्ट पक्की झाली. त्या महिन्यापासून खरोखरच लिहायला लागले. पहिल्याच महिन्यात विहिरीच्या कठड्याचे दगड आणि चुना फळ्यावर आला. कमानींचा खर्च किती होता ते मात्र आजतागायत मला कळलेलं नाही.

हे सगळं बरं झालं. पण पाडवा यायचाच होता.

पाडव्याला बा पहाटेच आंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून निघाला. निवडणुकीपासून आम्ही दोघं कामापुरतंच बोलत होतो. मी त्या दिवशी सुट्टी घेतली होती. माय सारखी दारात जात होती. ऊन चढलं, गावात घरोघरी गुढ्या उभ्या राहिल्या, तरी बा येईना. एरवी सालाचं बोलणं पाच मिनिटांत आटोपायचं. मी मनात हिशेब मांडू लागलो. माझा पगार किती, बाला दुसऱ्या कुणाकडे काम मिळेल का, या वयात कोण ठेवील. नऊ मतांनी हरल्याचं मला फार वाटलं नव्हतं. हे वाटलं.

जवळपास बाराला तो आला. घरात न शिरता अंगणातूनच मला म्हणाला, "खडू हाये काय?"

मी म्हणालो, आहे एक तुकडा, पण निवडणूक तर झाली. तो म्हणाला, चल. मी त्याच्या मागं निघालो, माझ्या मागं माय आणि बायको. लिंबाखाली सणामुळं कुणी नव्हतं. फळ्यावर वरच्या अर्ध्यात पंचायतीचा दगड-चुना होता, खालचा अर्धा रिकामा. तिथं उभं राहून बानं काय झालं ते सांगितलं.

मालकांनी साल कायम ठेवलं होतं. काही कुरकुर नाही, मागच्यापेक्षा एक पोतं ज्वारी जास्तच. मग रिवाजाप्रमाणे चहा आला. घरातलं कुणी कोनाड्यातला पेला आणायला उठलं, तेव्हा बानं त्यांना थांबवलं. तो मालकांना म्हणाला, "मालक, पोरगा घरी इचारीन, चहा कायच्यात देल्ला. काय सांगू त्याले?"

मालक खाली पाहू लागले. मग उठून बैलांना वैरण टाकायला गेले, आणि बा तिथंच बसून राहिला. म्हणून उशीर झाला, बा म्हणाला. शेवटी मालकांची म्हातारी आई उठली, गुडघ्यावर हात ठेवत आत गेली आणि चहा घेऊन आली.

"लिव," बा म्हणाला.

मी त्याचं नाव लिहिलं आणि पुढं लिहिलं, चहा एक, कपबशी. 

"दांडी साबूत होती," बा म्हणाला. "थे बी लिव."

मी लिहिलं, दांडी साबूत. मग तो फळ्याच्या जवळ आला. त्याला वाचता येत नव्हतं. त्यानं मला विचारलं, यातलं कपबशी कोणतं? मी दाखवलं. त्यानं बोट पुढं नेलं, अक्षरांच्या अगदी जवळ, आणि तिथंच थांबवलं. पुसलं जाईल म्हणून हात लावला नाही.